वरळी कुठे आहे?

आमच्या काकांना मुंबईत कुठेही नेऊन उभं करा, वरळी कुठल्या अंगाला आहे ते क्षणात हात करून दाखवतात. समुद्र कुठे, स्टेशन कुठे, असं विचारलंत तर जरा गडबडतील. वरळीत चूक नाही. ही विद्या त्यांनी गच्चीवर कमावलेली आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. आमच्या नायगावच्या घरात टीव्ही यायला ऐंशी साल उजाडलं. टीव्ही आणला की काम संपत नसे. पोस्टात जाऊन लायसन्स काढायचं आणि गच्चीवर अँटेना उभा करायचा. एका दांड्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्या; मागची सगळ्यात लांब, पुढच्या आखूड. लांबी साडेसात फुटांच्या आसपास, कारण मुंबई केंद्राची लहर साडेचार मीटरहून थोडी लांब आणि ती झेलायला तिच्या निम्म्या लांबीची नळी लागते. तोंड वरळीकडे करायचं ते आखूड नळ्यांचं. हे सरळ मनाच्या माणसाला पटत नसे. आमच्या शेजाऱ्यांनी दोन दिवस लांब नळी वरळीकडे करून ठेवली होती आणि शिव्या दुकानदाराला घालत होते.

संध्याकाळी गच्चीवर गेलं की दिसतील तेवढे अँटेने एकाच बाजूला माना करून उभे असायचे. आमचे मावळतीकडे बघत, गिरगावातले उत्तरेकडे. मधूनच एखादा कावळा नळीवर बसायचा आणि खालच्या कुठल्या तरी घरातून आरडाओरडा व्हायचा.

डोंबिवलीच्या मावशीकडे सिग्नल दुबळा, त्यामुळे तिथे पाइपाला पाइप जोडून अँटेना आभाळाला टेकवलेला आणि तरीही पडद्यावर मुंग्या. आमच्यापासून वरळी जेमतेम तीन किलोमीटर, सिग्नलची चंगळ. आमचं दुखणं निराळं होतं. आम्हाला ‘डबल’ दिसायचं. वरळीहून निघालेली लहर सरळ घरी यायचीच, पण तीच एखाद्या उंच इमारतीवर आपटून, वळसा घेऊन पुन्हा यायची. तीनशे मीटर जादा फिरली तर एक मायक्रोसेकंद उशीर. आता एवढ्याशा उशिराचं काय, असं वाटेल. पण पडद्यावरची एक अख्खी रेघ डावीकडून उजवीकडे उमटून पुढची सुरू व्हायला चौसष्ट मायक्रोसेकंदच लागतात. म्हणून उशिरा आलेलं चित्र पहिल्याच्या किंचित उजवीकडे, फिकट होऊन बसायचं. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं.

ते दुसरं नाक घालवण्यासाठी रविवारी सकाळी अख्खं घर कामाला लागे. काका गच्चीवर दांडा धरून, मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, आई पहिल्या मजल्यावर आमच्या दारात आणि आजी टीव्हीसमोर. निकाल देण्याचं काम आजीकडे, कारण बाकीचे सगळे गुंतलेले. आजीला एक नाक की दोन याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणे, “आता बाई हसरी दिसते.” आई ओरडे, “जमलं!” मी ओरडे, “काका, थांबा!” तोवर काका चार बोटं पुढे फिरवून मोकळे झालेले. मग मागे. मग फार मागे. लहरीला एक मायक्रोसेकंद उशीर होतो म्हणून आम्ही तिच्यावर चिडायचो. आमचा निरोप गच्चीवर पोचायला चार सेकंद लागत, त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पावसाळ्यात चपटी वायर ओल्या भिंतीला चिकटायची आणि चित्र उतरायचं. मग काठीने ती भिंतीपासून सोडवायची. ही काठी दारामागे कायम असे. तिचा दुसरा काही उपयोग आम्ही होऊ दिला नाही.

१९९२ च्या सुमारास केबलवाला आला. झाडावरून, कठड्यावरून फेकत फेकत त्याने काळी गोल वायर आणली, टीव्हीच्या मागे एक छोटी डबी लावून जोडली आणि अँटेनाची वायर सोडून खिडकीबाहेर लटकत ठेवली. दहा मिनिटांचं काम. कुणालाही जिन्यात उभं राहावं लागलं नाही. काका चहा न घेताच उठले. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हा मुंग्याही गेल्या. आता चित्र लखलखीत तरी असतं, नाही तर चौकोनांत फुटून थिजतं. अर्धंमुर्धं बघून ओळखायची सोय राहिली नाही. मुंग्यांतूनही आजी बातमीवाल्या बाईंची साडी ओळखायची, म्हणजे तसं ती म्हणायची.

आमची इमारत पाडली तेव्हा अँटेना भंगारवाल्याने एका हाताने उचलून नेला. एवढा हलका होता तर काका आठवडाभर खांदा का धरून बसायचे, कोण जाणे.

नवीन घर सतराव्या मजल्यावर. वास्तुशांतीला काका आले. वय ब्याऐंशी. सगळे खिडकीशी उभे राहून समुद्राची पट्टी दिसते का ते बघत होते. काकांनी चष्मा सारखा केला, पश्चिमेच्या काचेच्या टॉवरकडे बोट केलं आणि म्हणाले, “वरळी ह्याच्या मागे.” मग बराच वेळ त्या टॉवरकडे बघत राहिले.

“इथे डबल आलं असतं रे.”