तुम्ही विचारलंत म्हणून: ती पोर्शे ९६४ का विकली?

"तुमच्याकडे नऊशे चौसष्ट होती ना? विकलीत? कधी? कितीला?" प्रश्न याच क्रमाने येतात. शेवटचा आकडा ऐकला की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग जिभेने एक छोटासा 'च्' करतो. तो 'च्' ऐकून ऐकून कान किटलेत. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पोर्शे ९११च्या पिढ्या ज्यांना पाठ आहेत तेच हा प्रश्न विचारतात, त्यामुळे बाराखडीपासून सुरुवात करत नाही. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं की ९६४, ९९३, ९९६ ही ९११ या एकाच स्पोर्ट्स कारच्या लागोपाठच्या पिढ्यांची कारखान्यातली नावं. ९९३पर्यंतची इंजिनं हवेवर थंड व्हायची, ९९६पासून पाणी आलं. आमच्यातली निम्मी भांडणं या एका वाक्यावर होतात.

आधी माझी बाजू. मी गाडी विकली २०१०मध्ये. तेव्हा ९६४ला कोणी विचारत नव्हतं. क्रोम बंपरवाल्या जुन्या गाड्यांच्या भक्तांना ती फार नवी वाटायची, कारण तिच्यात पॉवर स्टिअरिंग होतं, ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस होतं आणि सस्पेन्शनमध्ये जुन्या टॉर्शन बारच्या, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्यांच्या, जागी कॉइल स्प्रिंग होत्या. ती बाजारात आली तेव्हा कंपनीच अभिमानाने सांगायची की गाडीचे ८५ टक्के भाग नवे आहेत. भक्तांना तर तेच खुपायचं. नव्याचा शौक असलेले ९९३कडे जायचे. तिचा मागचा अ‍ॅक्सल नवा, मल्टिलिंक म्हणजे अनेक दांड्यांनी चाक धरणारा, वळणावर कितीतरी शहाणा. शिवाय १९९८मध्ये हवेवरची इंजिनं कायमची संपल्यावर 'शेवटची' हा शब्द ९९३ला चिकटला, आणि बाजारात त्या शब्दाची स्वतंत्र किंमत असते. राहिली ९६४. ना धड जुनी, ना धड नवी. हे शब्द माझेच आहेत. त्या काळातल्या माझ्या वहीत निळ्या शाईत लिहिलेले सापडतील: '९६४ – ना धड जुनी, ना धड नवी. किंमत कधी चढणार नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. मी तीन मित्रांनाही ती घेण्यापासून परावृत्त केलं. त्यातला एकजण आजही भेटला की आधी गाड्यांच्या भावाची चौकशी करतो, मग माझ्या तब्येतीची.

दुसरं कारण तेलाचं. माझी गाडी १९९०ची कॅरेरा २, ९६४चाच एक प्रकार. त्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये फट बंद करणारं गॅस्केटच नव्हतं, धातूवर धातू बसवलेला. कालांतराने तिथून तेल पाझरायचं. कंपनीने पुढे रचना बदलली, पण माझ्या गाडीपर्यंत तो बदल पोहोचला नव्हता. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवायची सवय लागली होती. पुठ्ठ्यावरच्या डागाचा आकार बघून मी आठवडा कसा गेला ते सांगू शकायचो. मिस्त्री म्हणाले, इंजिन खाली उतरवावं लागेल, आणि उतरवलंच तर सगळंच करून घ्या. त्यांनी दिलेला आकडा गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. नाकापेक्षा मोती जड.

बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो की तेव्हा पैशांची अडचण होती. अडचण नव्हती. इंजिनाचं काम मला परवडलं असतं. मला लाज वाटत होती. चार जाणकार जमले की माझ्या गाडीकडे बघून कोणी काही बोलायचं नाही, आणि हे न बोलणं मला झोंबायचं. मला ९९३ हवी होती. ९६४ विकून त्यात थोडी भर घालायची, असं गणित होतं. ते काही जुळलं नाही. मी भर जमवेपर्यंत ९९३चा भाव पुढे सरकलेला असायचा.

आता तो विक्रीचा दिवस. याबद्दल कोणी विचारत नाही, पण सांगायचं आहे ते हेच.

गिऱ्हाईक म्हणून एक तरुण आला, तिशीचाही नसेल. हातात टॉर्च आणि छोटं चुंबक. मी आदल्या रात्री बसून गळतीची सगळी हकिकत पाठ केली होती. लपवायचं नाही असं ठरवलं होतं, पण कुठल्या क्रमाने सांगितलं तर कमी वाईट वाटेल याचाही विचार केला होता. इंजिनाचं झाकण उघडलं आणि सुरुवात केली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "इंजिन राहू द्या." मग तो गाडीखाली शिरला. बाहेर आला तो विंडस्क्रीनच्या कडा बोटाने चाचपायला लागला, गंज कुठे धरलाय का ते बघत. दारांच्या खालच्या पट्ट्यांवर चुंबक फिरवलं. पुढच्या डिकीतला गालिचा उचलून चॅसिस नंबर वाचला, कागदांशी ताडून पाहिला. छतावरून मात्र पूर्ण तळहात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"सनरूफ नाही?" त्याने विचारलं.

मी जरा ओशाळलोच. "नाही. कारखान्यातूनच नव्हतं," असं म्हणालो, आणि किमतीत थोडं मागेपुढे करू, असंही स्वतःहून सुचवलं. तो हसला. म्हणाला, "नको, आहे ती ठीक आहे." एका पैशाची घासाघीस नाही. इसार तिथेच दिला. इंजिन त्याने सुरूसुद्धा करून पाहिलं नाही. त्या रात्री मी घरी बढाई मारली की असं भोळं गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच मिळतं.

तीन दिवसांनी तो गाडी न्यायला आला. ९६४चा मागचा स्पॉयलर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावरची वारा अडवणारी पट्टी, साधारण ताशी ८० किलोमीटरला आपोआप वर येतो, पण आत एक बटणही असतं, उभ्या गाडीत ते दाबूनही तो वर घेता येतो. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे ते बटण. जाताना तिने ते शेवटचं दाबलं. स्पॉयलर वर आला आणि तो तसाच वर ठेवून तो तरुण निघून गेला. वळणापर्यंत ते शेपूट दिसत होतं.

२०१६मध्ये त्याने एक फोटो पाठवला. 'ओळखता का?' फोटोत एक १९७३च्या वळणाची ९११ होती. लांब बोनट, उभे गोल दिवे, बारीक चमकते बंपर, मागे बदकाच्या शेपटीसारखा घट्ट बसवलेला स्पॉयलर. मी लिहिलं, सुंदर आहे, कुणाची? उत्तरादाखल दुसरा फोटो आला, चॅसिस नंबरचा. शेवटचे तीन आकडे वाचले आणि मी खुर्चीत बसलो.

आत माझी गाडी होती. बाहेरून तिच्यावर तिच्याहून सतरा वर्षं जुन्या गाडीचा पेहराव चढवलेला. म्हणून त्याला इंजिनाची फिकीर नव्हती, ते तो तसंही उघडणारच होता. म्हणून त्याला गंज नसलेला सांगाडा आणि बिनछिद्राचं छत हवं होतं. रूप १९७३चं आणि त्याखाली १९९०ची स्प्रिंग, ब्रेक, स्टिअरिंग: लोकांना ज्या 'ना धड' गोष्टींमुळे ती नकोशी होती, नेमक्या त्यांच्यामुळेच ती या कामाला सगळ्यांत सोयीची ठरली. कॅलिफोर्नियातल्या सिंगर या कंपनीने २००९पासून ९६४ घेऊन हेच काम दागिने घडवल्यासारखं केलं आणि मग जगभर लहानमोठे कारागीर त्या मागे लागले. त्यात अनेक चांगल्या ९६४ खर्ची पडल्या. आणि माझ्या मते, उरलेल्या मूळ रूपातल्या गाड्यांना भाव यायचं तेही एक कारण झालं. काढलेले बंपर, पॅनल आणि तो स्पॉयलर त्याने विकून टाकले होते, असं त्याने सहज लिहिलं.

तुम्ही नुकसान किती झालं विचारता. ज्या रकमेला मी ती दिली त्यात आज त्या पिढीच्या एखाद्या इंजिनाचं धड काम झालं तर नशीब. हा हिशोब मी केलेला आहे, अनेकदा, रात्री. पण मला न ओळखता आल्याचं जे वाटलं ते त्या हिशोबात कुठे मांडायचं ते कळत नाही.

२०१०मधला मी अजून हटत नाही. तो म्हणतो, हाती असलेल्या माहितीवर निर्णय बरोबरच होता. मी म्हणतो, माहिती गाडीची होती, माणसांची नव्हती. ज्यांच्या लहानपणी खोलीच्या भिंतीवर ९६४चं पोस्टर होतं त्यांच्या हातात अजून पैसा यायचा होता, एवढं साधं तुला दिसलं नाही. तो म्हणतो, मग तेच धरून चाल आणि उद्याच्या सगळ्या गाड्यांचे भाव सांग. इथे माझी पंचाईत होते. कारण उलटी उदाहरणंही मला ठाऊक आहेत. १९८८च्या ऑगस्टमध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत जुन्या फेरारींचे भाव वेड लागल्यासारखे चढले. नव्वदीच्या सुरुवातीला तेच भाव कोसळले. शिखरावर घेणाऱ्यांचीही गाड्यांबद्दलची माहिती काही कमी नव्हती. आणि २.७ कॅरेरा आरएस, १९७३ची ती बदकाच्या शेपटीची ९११? शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठी ५०० गाड्या लागत होत्या आणि तेवढ्या खपतील की नाही याची कंपनीतच शंका होती. शेवटी १,५८० बनल्या. आज त्यांच्याकडे बघायलाही रांग लागते. शंका घेणारे लोक मूर्ख नव्हते, हे मला स्वतःसाठी आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता पुढचा प्रश्न, तोही ठरलेला: मग ९९६ घ्यावी का? माझ्याकडे ९९६ आहे, २००२ची, ३.६ लिटरची. तळलेल्या अंड्यासारख्या दिव्यांवरून जेवढं हसायचं तेवढं हसून घ्या. माझे दिवे तसे नंतरचे, सुधारलेले, पण हा बचाव कोणी ऐकून घेत नाही. गोल दिवे परत यायला २००४ची ९९७ यावी लागली. इंजिनात मधल्या शाफ्टचं एक सीलबंद बेअरिंग असतं. ते गेलं तर टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळं इंजिनच जातं. सगळ्यांचं जात नाही, पण भीती सगळ्यांना असते, आणि भाव भीतीवर ठरतो. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ या प्रकारांमध्ये वेगळं इंजिन आहे, हे बेअरिंग नाही, त्यामुळे त्यांचा बाजारच निराळा. मी दर ऑइल बदलीला जुना फिल्टर कापून आत धातूची चमक दिसते का ते बघतो. पुठ्ठ्याच्या जागी फिल्टर, एवढाच फरक पडलाय.

ही गाडी मी चालवण्याच्या सुखासाठी घेतली, असं सांगतो. सुख आहेच. पण स्वस्त होती म्हणूनही घेतली, आणि लोक नाकं मुरडत होते म्हणूनही. यावेळी तरी लाजायचं नाही असं ठरवून घेतलेली गाडी खरी आवडते की हट्टाने आवडते, हे मला नक्की सांगता येणार नाही. वहीत यावेळी काही लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी त्या तरुणाचा पुन्हा निरोप आला. ती गाडी त्याने कधीच विकली होती. नव्या मालकाला ती आता परत मूळ रूपात आणायची आहे, कारण अस्सल ९६४ दुर्मीळ होत चालल्यात. बंपर, पॅनल शोधून झालेत. मूळ रंगाची छटा आणि आतली मांडणी दिसेल असे जुने फोटो माझ्याकडे आहेत का, असं त्याने विचारलं होतं.

आहेत. सगळ्यांत स्पष्ट फोटोत मुलगी पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उभी आहे आणि तिचं बोट बटणावर आहे. तो काही मी अजून पाठवलेला नाही.