फोटोत मूल पाठमोरं का?

युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा जनसंपर्क विभाग मी सांभाळते. आवाहनं, पत्रकं, फोटो, पत्रकारांचे अवेळी येणारे फोन, सगळं माझ्याकडे. ओळख झाली की लोक फिरून फिरून एकच विचारतात: "तुमच्या फोटोंत मुलं पाठमोरीच का असतात? रडणारा चेहरा दाखवलात तर पैसे जास्त नाही का येणार?"

येतील. आमच्या क्षेत्राची सुरुवातच तशा फोटोनं झाली आहे. १९१९ साली पहिलं महायुद्ध थांबलं होतं, पण ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांची नाकेबंदी उठली नव्हती आणि ऑस्ट्रियातली मुलं उपाशी मरत होती. शत्रूची मुलं, म्हणून ब्रिटनमध्ये फारसं कोणी बोलत नव्हतं. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश समाजसेविकेनं अशा मुलांचे फोटो असलेली पत्रकं लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली. अटक झाली, ५ पौंड दंड झाला आणि तेवढी रक्कम खुद्द सरकारी वकिलानं स्वतःच्या खिशातून दिली. त्याच वर्षी मुलांसाठी काम करणारी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी राहिली. तेव्हा चेहऱ्यात ताकद नसते असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पण मी एकदा चुकले आहे. सशस्त्र गटाच्या तावडीतून सुटलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा, नुकताच शाळेत जायला लागलेला. अशा मुलाला दोन्हीकडून धोका असतो. गटाला तो परत हवा असतो आणि गावाला तो अजून त्यांचाच वाटतो. म्हणून नाव बदललं, फोटो पाठमोरा घेतला. रात्री उशिरा लॅपटॉपवर बघून मी तो पुढे पाठवला. सकाळी तिथल्या सहकाऱ्याचा फोन आला, "मागची भिंत बघितलीस का?" भिंतीवर शाळेचं नाव रंगवलेलं होतं. अर्धंच, पण त्या भागातल्या माणसाला तेवढं पुरे. आम्ही फोटो लगेच काढला, पण तोवर तो इतरांनी उचलला होता. मुलाला दुसऱ्या गावी मावशीकडे हलवावं लागलं. शाळा सुटली ती सुटलीच.

तेव्हापासून प्रत्येक फोटो मोठा करून बघते. भिंती, गणवेशावरचे बिल्ले, मागच्या डोंगराची रेघसुद्धा. फोटो कुठे काढला याची नोंद फाइलमध्ये दडलेली असते, ती आधी पुसतो.

राहिली संमती. ब्लँकेटच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला फोटो घेऊ का विचारलं तर ती नाही कशी म्हणेल? तिला वाटतं, नाही म्हटलं तर ब्लँकेट मिळणार नाही. म्हणून आम्ही वाटप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी विचारतो. तेव्हा बऱ्याच जणी नको म्हणतात. सोपं उत्तर नको असेल तर प्रश्न नीट वेळेला विचारावा लागतो, एवढं मी शिकले.

आणि मूल मोठं होतं, फोटो मात्र तिथेच राहतो. १९७२ साली व्हिएतनाममधल्या त्रांग बांगजवळ नापाम बॉम्बनं भाजलेली ९ वर्षांची किम फुक जगानं एका फोटोत पाहिली. पुढे तिचं वैद्यकीय शिक्षण मध्येच तुटलं, कारण तिथल्या सरकारला ती प्रचारासाठी हवी होती. त्या फोटोचा आपल्याला एके काळी तिटकारा होता, हे तिनं स्वतःच सांगितलं आहे. त्या फोटोचं मोल कमी नाही, पण ते कोणी मोजलं तेही बघायला हवं.

गेल्या आवाहनाच्या वेळी एका आईनं विचारलं, "हा मोठा झाल्यावर त्याला हे दिसेल का?" मी हो म्हटलं. ती थोडं थांबून म्हणाली, "मग त्याच्या वहीचा घ्या. अक्षर चांगलं आहे त्याचं." वहीच्या कव्हरवर नाव होतं, म्हणून आतलं पान घेतलं. गुणाकाराची तीन गणितं, एक चुकलेलं. तेच छापलं. पैसे आधीच्या वेळेपेक्षा कमी आले.