जुलैत नासलेली कंपोस्टची टाकी

ऐन जुलैत पणजीतल्या एका वसाहतीतून बोलावणे आले. आवारात जाळीदार विटांची चार कंपोस्ट टाकी. दुर्गंधी तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होती आणि टाकी बुजवण्याचा ठराव त्याच संध्याकाळी सभेपुढे येणार होता.

टाक्यातला माल मुठीत घट्ट दाबला, तर पाण्याची धार लागली. ओलावा 50 ते 60 टक्के असेल तर दोन-चार थेंबच सुटतात. मध्यभागी खुपसलेला थर्मामीटर 34 अंशांवर अडला; ढीग नीट तापला असेल तर पहिल्या आठवड्यात तो 55 ते 65 दाखवतो. पाण्याने पोकळ्या बुजल्या, की हवा संपते आणि कचऱ्याचे खत होण्याऐवजी तो आंबतो. त्यात गोव्यातला ओला कचरा म्हणजे मासळीची डोकी, सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली. यांत नत्र भरपूर. जोडीला कोरडा पाला नसला, की तो नत्र अमोनिया होऊन उडतो, नाक झोंबते ते त्यामुळेच.

टाक्यांवर छप्पर होते, पण पागोळ्या टाक्याच्या कडेवरच पडत होत्या. इथला पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो. त्या बाजूला छप्पर मीटरभर पुढे हवे आणि पन्हळही हवी.

सगळा माल उपसून आडोशाला पसरला. तळाशी वीतभर नारळाची सोडणे, म्हणजे पाणी खाली निथळते. वर एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या कोरडा माल. जुलैत सुका पाला मिळणार कुठून? सोडणांचा भुसा आणि सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायने असतात. मासळी नेहमी मधोमध पुरायची आणि आठवड्यातून एकदा ढीग उलटायचा. आंब्याफणसाची पाने फेब्रुवारी ते मे पोत्यांत भरून ठेवली, तर पावसाळा निभावतो. नेमकी तेव्हाच ती रस्तोरस्ती जाळतात, ते बघून जीव तुटतो.

सभेत एका काकांनी विचारले, "पालिकेची गाडी येते ना, मग एवढा खटाटोप कशाला?"

"गाडी भरून जाते, काका. ती रिकामी कुठे करायची, हा प्रश्न आहे."

पणजीचा कचरा पूर्वी शहराजवळच्या कुडका गावातल्या डेपोत जायचा. तिथल्या लोकांनी विरोध केला, डेपो बंद झाला आणि शहराला घरोघरी वर्गीकरण व जागच्या जागी खत याकडे वळावे लागले. सूरत 1994 च्या प्लेगनंतर झाडून स्वच्छ झाली. ब्राझीलमधल्या कुरितिबात गाड्या झोपडवस्तीत शिरत नव्हत्या, म्हणून पालिकेने कचऱ्याच्या बदल्यात भाजी द्यायला सुरुवात केली. आपल्यासारख्या देशांतली शहरे हिरव्या वाटेला लागतात ती बहुधा अशीच, दुसरी वाट बंद झाल्यावर. 3,702 चौरस किलोमीटरच्या गोव्यात खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन), डोंगर आणि वस्ती सोडून डेपोला नवी जागा कुठून आणणार? इथे ही निकड आधीच दारात आली आहे, आणि मला ती दडपण्यापेक्षा वापरावीशी वाटते.

ठराव चतुर्थीपर्यंत पुढे ढकलला गेला. तापमानाची वही ठेवायचे दोन गृहिणींनी कबूल केले. पन्हळ मात्र त्याच आठवड्यात बसवायला सांगितली, कारण तिच्याविना नवा मालही तसाच भिजला असता.