अडई बघायला पाट-धामापूरला जाणार असाल तर

कोकणात अडई, म्हणजे शीळ घालणारं तपकिरी बदक, बघायचं म्हणून बरेच जण भल्या पहाटे तळ्यावर जातात, दूर कमळाच्या पानांत बसलेले तपकिरी ठिपके बघतात आणि नाश्त्याच्या वेळेला परत फिरतात. माझं सांगणं एवढंच की पाटला दुपारी उशिरा पोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. अडईचा दिवस तेव्हा सुरू होतो.

पाट हे कुडाळ तालुक्यातलं गाव. कुडाळहून म्हापण-परुळ्याकडे जाताना लागतं. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या धरली की सकाळी कुडाळला उतरता येतं. मधला वेळ वालावलला घालवा. तिथल्या लक्ष्मीनारायण मंदिराला लागूनच तळं आहे आणि दुपारच्या उन्हात बसायला त्याच्यासारखी सावली नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेवढं आधी बघून घ्या.

पाटचं तळं उथळ, पाणवनस्पतींनी भरलेलं. पहिल्यांदा नजरेत भरतात त्या जांभळ्या पाणकोंबड्या आणि पानांवरून लांब बोटं टाकत चालणारे कमळपक्षी. अडया शोधाव्या लागतात. दुर्बिणीतून पानांच्या कडेकडेने सावकाश नजर फिरवा. मान आत ओढून बसलेलं विटकरी-तपकिरी बदक, काळपट चोच, डोक्यावर गडद टोपी. ऊन अंगावर आलं की डोळ्याभोवतीचं बारीक पिवळं कडं दिसतं आणि एकदा ते दिसलं की मग आजूबाजूला पाच, दहा, वीस अडया दिसायला लागतात. मोठ्या अडईशी गल्लत होऊ शकते. उडताना शेपटीच्या बुडाशी पाहा: आपल्या नेहमीच्या अडईला तिथे तांबूस पिसं, मोठ्या अडईला पांढुरकी. त्याच पानांत काणूकही असते, पांढरीशुभ्र आणि आपल्याकडच्या बदकांत सगळ्यांत लहान. तिला बघून झाल्याशिवाय निघू नका.

मी बांधावर बसलो होतो तेव्हा गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबले. कॅमेरा बघून म्हणाले, "बदकां बघूक इलास? दिवसा ती निजान असतत. रात्री मळ्यात उतरतत, थयसर बघा."

झालंही तसंच. सूर्य बुडाल्यावर एक अडई पंख झाडून उठली, मग तिच्यामागे दोन-चार, आणि बघता बघता सगळा थवा शीळ घालत डोक्यावरून फिरू लागला. दोन सुरांची, बारीक, थरथरती शीळ. अंधारात पक्षी दिसेनासे होतात तेव्हाही ती शीळ कोणत्या दिशेला जाते ते कळतं आणि ती जाते मळ्यांकडे, म्हणजे सखल भातशेतांकडे.

या पक्ष्याबद्दल बोलताना आपण तळ्याचंच बोलतो आणि तिथेच चूक होते. अडईला तीन गोष्टी लागतात. दिवसा बसायला झाडझाडोरा असलेलं पाणी, रात्री चरायला ओला मळा आणि पावसाळ्यात अंड्यांसाठी जुनं झाड. ती मुख्यतः भाताचे दाणे, पाणवनस्पतींची कोंब-मुळं आणि बरोबरीने गोगलगायी, बेडूक, छोटे मासे खाते. पाण्यात बुडीही मारते. घरटं बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीत, कधी घारीच्या किंवा कावळ्याच्या सोडलेल्या घरट्यात, कधी पाण्याकाठच्या दाट गवतात. अंडी साधारण सात ते बारा. नर आणि मादी दोघंही उबवतात, तीन आठवड्यांहून थोडं जास्त. पिल्लं ढोलीतून खाली उडी टाकतात आणि आईबापांच्या मागे पाणी गाठतात. म्हणजे ढोली आणि तळं यांच्यामधली वाटही हवी. तिथे कंपाउंडची भिंत आली तर काय होईल ते सांगायला नको.

जागतिक पातळीवर अडईची नोंद 'कमी चिंतेची' अशी आहे. भारतापासून दक्षिणपूर्व आशियापर्यंत ती पसरलेली आहे, त्यामुळे हे बरोबरच आहे. पण त्याच नोंदीत तिची संख्या घटते आहे असंही म्हटलेलं आहे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. घराचं मात्र काय? पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे. सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळीही वगळलेली आहेत. कोकणात नैसर्गिक सरोवरं कितीशी? इथली तळी पूर्वजांनी बांध घालून केलेली. त्यामुळे अडई जिथे दिवस काढते त्यातली कितीतरी तळी आणि जिथे रात्र काढते तो मळा, दोन्ही या नियमांच्या बाहेर पडतात. मला ही गोष्ट फार लागते.

मळ्यांची अवस्था तर रस्त्यावरूनच दिसते. हिवाळ्यात तळ्या-व्हाळांच्या (ओढ्यांच्या) पाण्यावर होणारं वायंगणी भात अडईच्या दृष्टीने सोनं आहे, कारण थंडी-उन्हाळ्यात ओलं शेत दुसरीकडे मिळत नाही. पण मनुष्यबळ नाही, पोरं मुंबईला, मग कुणगे (भातशेताचे तुकडे) पडीक राहतात आणि त्यांच्यावर रान माजतं. ज्या घरात अजून वायंगण करतात त्यांचे उपकार मानावेत असं मला मनापासून वाटतं. जुनी आंब्याची, किंजळीची झाडं तुटून काजूच्या बागा होतात, तेव्हा ढोल्याही जातात. आणि तळ्याचं सुशोभीकरण निघालं की आधी काय काढतात? कमळं आणि काठचं गवत. गाळ काढायला हरकत नाही, पण एका वेळी एका बाजूचाच काढावा, वनस्पतींचा पट्टा राखावा आणि काम विणीच्या महिन्यांत, म्हणजे जून ते ऑक्टोबरमध्ये करू नये.

दुसऱ्या दिवशी धामापूरला जरूर जा, पण वेगळ्या अपेक्षेने. मालवण तालुक्यातलं हे तळं १५३० मधलं, काठावर भगवतीचं मंदिर, चहूबाजूंनी झाडीचे डोंगर. आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तळं देखणं आहे, पण मधलं पाणी खोल आणि मोकळं. मला तिथे अडया अगदी थोड्या दिसल्या, त्याही उथळ कडेला. पाटनंतर लगेच धामापूर बघितलं की बदकाला नेमकं कसलं पाणी लागतं हे पुस्तकाशिवाय कळतं. धामापूरला नजर झाडांकडेही असू द्या. ढोल्यांची झाडं म्हणजे काय ते तिथे बघायला मिळतं.

थवे बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. तिपाई आणली तर बांधावरच लावा, काठच्या चिखलात उतरू नका. एक थवा उठला की सगळं तळं उठतं आणि पक्ष्यांची विश्रांती फुकट जाते. ड्रोन आणि मोबाइलवर आवाज वाजवणं पूर्ण टाळा. संध्याकाळी मळ्याच्या मेरेवरून (बांधावरून) चालताना बॅटरी आणि घोट्यावर येणारे बूट हवेतच, फुरशांचा मुलूख आहे. पावसाळ्यात गेलात आणि पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात पाय घालू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती खरी आहे. कुणाच्याही कुणग्यात शिरण्याआधी विचारा. विचारलं की लोक स्वतःहून वाट दाखवतात. अंधार पडल्यावर एसटीच्या भरवशावर राहू नका, परतीची रिक्षा कुडाळहूनच ठरवून आणा.

मोजणी करणार असाल तर संध्याकाळी थवा उठताना करा. दहा पक्ष्यांचा गट डोळ्यांनी पक्का करायचा आणि त्याच मापाने पुढे मोजत जायचं. आकडा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा गेलात तर उत्तमच. नोंदीत मळ्यात भात उभं होतं की पडीक होतं, हेही लिहा. ते सहसा कोणी लिहीत नाही. तळ्याचं नाव बिनधास्त द्या, पण ढोली सापडली तर तिची जागा आणि फोटो कुठेही टाकू नका.