राजगडाचं नेढं आणि आत्याची बांगडी

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की आम्ही सात चुलत-आते भावंडं आजीकडे जमायचो. अंगणात किल्ला दरवर्षी व्हायचा, पण तो नुसताच किल्ला. मातीचा ढीग, वर महाराज, खाली वाघाची गुहा. मी पाचवीत होतो त्या दिवाळीत दादानं जाहीर केलं, "यंदा राजगड. अगदी तसाच."

काका राजगडला दोनदा जाऊन आले होते. त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर गड काढून दिला. मधे बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. रायगडाआधी राजधानी इथे होती हे चौथीत पाठ केलं होतं. गड असा तीन बाजूंना हात पसरून बसलाय, हे मात्र त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

पहिल्या दिवशी सगळा डोंगर शेतातल्या काळ्या मातीचा रचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पद्मावतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि संजीवनी पार बसली. आतेबहीण रडायलाच लागली. आजी ओट्यावरून उठून आली. "काळी माती ओली असताना फुगते न् वाळताना आकसते. वरून तांबडी लावा, चाळून." तिनं आयुष्यभर चुली लिंपल्या होत्या. तिच्या शब्दाला अंगणात वजन होतं.

सगळं मोडलं. या वेळी आत विटा आणि दगड रचले, वर जुनं गोणपाट चिखलाच्या पातळ राड्यात बुडवून पसरलं. त्याला पडलेल्या चुण्या दादानं कुणाला सारख्या करू दिल्या नाहीत. वाळल्यावर त्यांचेच कडे झाले. इतके खरे कडे आम्ही हातानं कधी करू शकलो नसतो.

संजीवनीला दुहेरी तट आहे. आत एक भिंत, बाहेर दुसरी, मधे चिंचोळी वाट. आम्ही मातीच्या वळ्या करून दोन भिंती लावल्या आणि मधे करंगळीएवढी फट ठेवली. बाहेरची भिंत दोनदा ढासळली.

पण खरा जीव खाल्ला तो नेढ्यानं. सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. काकांनी ते ठळक काढलं होतं, म्हणजे ते व्हायलाच हवं. काठी खुपसून भोक पाडलं की ओली माती वरून खाली यायची. काडेपेटीची चौकट घालून पाहिली, ती भिजून मऊ पडली. शेवटी आत्या आतून डबा घेऊन आली. त्यात तिच्या लहानपणची हिरवी काचेची बांगडी होती, तान्ह्या मुलीच्या हाताची. ती उभी रोवली आणि भोवती चिमटी-चिमटीनं माती दाबत गेलो. कुणी बोलत नव्हतं. नेढं उभं राहिलं.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी उतारांवर हळीव पेरले, पहिल्या आंघोळीला गड हिरवा झाला होता. मावळे दरवाज्यांपेक्षा उंच होते, ते तसेच ठेवले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ताईनं सुवेळेच्या मागे एक पणती ठेवली. नेढ्यातून उजेड आला आणि त्याच्या कडेला काचेची बारीक हिरवी रेघ चमकली. आम्ही सगळे जमिनीला गाल टेकवून ती बघत होतो.

खऱ्या राजगडावर मी गेलो तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. संजीवनीच्या दोन तटांमधल्या वाटेनं खाली उतरताना पाय आपोआप पुढे पडत होते. नेढ्यात बसलो तेव्हा वारा असा घुसत होता की फोन धरवेना. कसाबसा एक फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकला, काहीच न लिहिता.

सगळ्यात आधी आत्याचं उत्तर आलं. "माझी बांगडी कुठंय?"