तुम्ही विचारलंत म्हणून : जेसी मॅथ्यूज पुरुष वाटते का?

ज्यूली अँड्र्यूजचा १९८२चा 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' इतका गाजलेला असताना, त्याच गोष्टीवरचा १९३५चा ब्रिटिश 'फर्स्ट अ गर्ल' आधी बघा असं मी का सांगते, हे मला वरचेवर विचारलं जातं. ज्यांनी तो पाहिलाय त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पण त्यातली नायिका, ती जेसी मॅथ्यूज, क्षणभर तरी पुरुष वाटते का हो?"

नाही वाटत. आणि म्हणूनच तो मला इतका आवडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. एलिझाबेथ कपड्यांच्या एका उंची दुकानात गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवणारी मुलगी. तिला रंगमंचावर जायचंय. व्हिक्टरचा जीव शेक्सपिअरमध्ये, पण पोटासाठी तो बाईचा वेश करून गातो. पावसात भिजून त्याचा आवाज बसतो आणि त्याच्या जागी ती उभी राहते. लोकांच्या लेखी मात्र ती बाईचं सोंग घेतलेला पुरुष. खेळ डोक्यावर घेतला जातो, आणि रॉबर्ट नावाच्या तरुणाचं मन तिच्यात गुंतू लागतं.

आता मजा बघा. रंगमंचावर ती जे करते ते सगळं खरं असतं. तिचा आवाज, तिचे पाय, तिची लकब, सगळं तिचं स्वतःचं. टाळ्या मात्र 'काय हुबेहूब सोंग!' म्हणून पडतात. अभिनय करावा लागतो तो पडदा पडल्यावर : पुरुषी सूट घालून, चारचौघांत, रॉबर्टसमोर. आपल्याकडे बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला खरं काय ते ठाऊक असायचं आणि तरी तो विरघळायचा. इथे प्रेक्षकाला वाटतं की आपल्याला खरं ठाऊक आहे, आणि तिथेच तो फसतो. (त्याच १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, पुरुषाच्या भूमिकेत. मला हा योगायोग फार आवडतो.)

म्हणून जेसीनं पुरुष म्हणून पटणं गरजेचंच नाही. सूटमध्ये ती अवघडलेली दिसते आणि नाचायला लागली की मोकळी होते. दिग्दर्शक व्हिक्टर साव्हिलनं हा फरक झाकलेला नाही. नाच सुरू झाला की तिच्या अंगातलं सगळं दडपण गळून पडतं. ते बघताना मला दरवेळी भरून येतं. जेसी स्वतः लंडनच्या सोहोतली, फळं-भाजी विकणाऱ्याच्या मोठ्या कुटुंबातली. रंगमंचासाठी आसुसलेली ती कपडे पोचवणारी मुलगी तिला कुणी शिकवायला नको होती.

ब्रिटिश प्रेक्षकालाही हा वेशबदल नवा नव्हता. तिथल्या पँटोमाइममध्ये (नाताळातल्या गाण्या-विनोदाच्या नाटकांत) नायक बाई करते आणि म्हातारी पुरुष करतो, ही जुनीच रीत. गोष्ट मात्र जर्मनीची : राइनहोल्ड श्युन्त्सेलचा 'व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया' १९३३च्या डिसेंबरात, नाझी सत्तेत आल्यानंतर लागला. श्युन्त्सेलची आई ज्यू होती. १९३७ साली त्यानं देश सोडला. त्याच वर्षी त्याची नायिका रेनाट म्युलर वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेली. इतक्या हलक्याफुलक्या चित्रपटामागचा हा काळ मला विसरता येत नाही.

अँड्र्यूजचा चित्रपट वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. त्यात रॉबर्ट प्रेस्टननं केलेला नायिकेचा मित्र टॉडी उघडपणे समलिंगी आहे, सुखी आहे, आणि चित्रपटाचं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे. १९३५ला हे इतकं उघड दाखवणं शक्य नव्हतं. पण १९८२च्या चित्रपटातली माणसं स्त्री-पुरुषपणाबद्दल बरंच बोलतात. 'फर्स्ट अ गर्ल'मध्ये तेच नाचातून कळतं, आणि मला ते जास्त खोल जातं.

व्हिक्टरचं काम करणारा सोनी हेल त्या वेळी जेसीचा खरा नवरा होता, हे लक्षात ठेवून शेवट बघा. तिचं गुपित फुटायची वेळ येते, तेव्हा तिची सुटका व्हावी म्हणून तो स्वतः बाईचा पोशाख चढवून लोकांपुढे जातो. तिच्या नाचाची सर त्याला अजिबात नाही. पण तो जीव तोडून नाचतो.