आमची वाटचाल : लाख राखली म्हणून

आम्ही दोघांनी जुने मायक्रोस्कोप दुरुस्त करायचं काम सुरू केलं तेव्हा जवळ होता घड्याळजीचा एक लेथ, म्हणजे धातू कातायचं छोटं यंत्र, आणि भागीदाराने स्वतः घासून बनवलेले सात पेचकस. जुन्या प्रत्येक स्क्रूच्या खाचेला वेगळं पातं लागतं. पातं सैल बसलं की खाचेची कड फाटते, आणि फाटलेली खाच काही केल्या लपत नाही.

त्यातही जुने पितळी डिसेक्टिंग, म्हणजे चिरफाडीचे, मायक्रोस्कोप हेच आमचं काम. कार्ल झाइस या कारागिराने १८४७ मध्ये जर्मनीतल्या येनात विकलेली पहिली मायक्रोस्कोपं याच जातीची, एका भिंगाची होती. कंपाउंड, म्हणजे एकाहून जास्त भिंगांच्या मायक्रोस्कोपखाली सगळं उलटं दिसतं. इथे सुई उजवीकडे नेली की उजवीकडेच जाते, म्हणून तर चिरफाड जमते.

मग तो दुसरा दुकानदार आला. पितळेवरचा लाखेचा मूळ पारदर्शक लेप, म्हणजेच लाख, खरवडायची, पितळ बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरायचं, झगमगवून विकायचं. कडा गोल होत, कोरलेली अक्षरं बुजत, तरी गिऱ्हाईक भुले. आमची मधाच्या रंगाची जुनी लाख लोकांना मळकट वाटली. एका वर्षात सतरा नग परत आले. ‘यांना साफसुद्धा करता येत नाही,’ असं त्याने वर सांगत फिरावं, हे मला आजही सलतं. लेथ विकायला काढला होता. घेणारा येऊन बघूनही गेला.

त्याच आठवड्यात प्राणिशास्त्राचे एक निवृत्त सर पिनियनचे, म्हणजे भिंग वरखाली करणाऱ्या दातेरी चाकाचे, दोन दात गेलेलं मायक्रोस्कोप घेऊन आले. त्याच्या स्क्रूसाठी भागीदाराने आठवा पेचकस घासला, पिनियन नवी कापली. सर तिथेच बाकावर बसले, वॉचग्लासात, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, पाणी घेतलं आणि झुरळाच्या लाळग्रंथी दोन सुयांनी अलगद सोडवल्या. बोट थांबलं की भिंग थांबत होतं, तसूभरही घसरत नव्हतं. ‘मला हेच हवं होतं,’ म्हणाले. पुढे त्यांचे विद्यार्थी येत राहिले, लेथ राहिला. नंतरची वर्षं कामात गेली.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर स्पिरिट लावू नका, लाख त्यातच विरघळते. अमोनियाचं पॉलिश तर लांबच ठेवा, ताणातल्या पितळेला त्याने तडे जातात. मऊ ब्रश आणि जेमतेम ओलसर फडकं पुरतं. अडकलेल्या पिनियनवर जोर करू नका, आधी वाळलेलं ग्रीस काढा.

त्या दुकानदाराने चमकवलेले नग हल्ली आमच्याकडे येतात. बुजलेली अक्षरं परत आणता येत नाहीत, हे प्रत्येकाला समोर बसवून सांगावं लागतं.